सुतळीची गाठ

शनिवारची सकाळ, साडेसहा. सर्जापूर रोडवर दोम्मसंद्राच्या अलीकडे तुम्ही कच्च्या रस्त्याला वळता. मार्च महिना. चार टँकर ओलांडून आलात, पाचवा समोरून येतोय. मागच्या सीटवर लेक बसलीय, हेल्मेट घरूनच डोक्यावर चढवलेलं. तिचा घोडेस्वारीचा तास सातला. पण आज तास होणार नाही, हे तबेल्याच्या दारातच कळतं. बादलला ठाणावरून सोडलेलंच नाही.

रात्री कधीतरी त्यानं लाथ झाडली आणि मागचा डावा पाय फळीवर आपटला. घोट्याच्या वर, नळीपाशी, पाय पायमोज्यात वाळू भरल्यासारखा दिसतोय. तिथले सईस अण्णा साठीला आलेले, मूळचे कुणिगलचे. टिपूच्या काळापासून घोडे पैदा करणारं गाव ते. अण्णा पायाकडे हनुवटी करून एवढंच म्हणतात, "कालु ऊदिदे." पाय सुजलाय. कन्नडात सुजेला 'ऊत' म्हणतात. आपल्याकडे ऊत दुधाला येतो, नाहीतर माणसांना. इतकी वर्षं या शहरात काढून हा शब्द तुमच्या कानावरून नुसता गेला होता. आता तो पाय बघितल्यावर दुसरा शब्द सुचत नाही.

"हात लगाके देखो, साब."

तुम्ही हात लावता. तापलेल्या तव्याशेजारच्या भिंतीसारखा पाय गरम. उजव्या पायाला लावता, तो गार. अण्णा तुमचा अंगठा धरून सुजेवर दाबायला लावतात. खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो. बादल कान मागे टाकतो, पण पाय टेकवून उभा राहतो. टेकवतोय, हे चांगलं आहे, असं अण्णांच्या चेहऱ्यावरून तुम्ही समजून घेता.

डॉक्टरांना तुम्ही फोन केलाय. ते यलहंक्याकडून निघालेत, म्हणजे नऊ तरी वाजणार. तोवर पाणी. पाइप लावून वीस मिनिटं पायावर गार पाणी सोडायचं, दिवसातून तीन-चार वेळा, हा जगभरच्या तबेल्यांतला पहिला उपाय. फक्त या रस्त्यावर त्याचा हिशेब टँकरच्या दरात करावा लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला या शहरानं पाच हजारांचा दंड लावला होता. अण्णांनी तेव्हाच रबरी टब आणून ठेवला. त्यात अर्धी बादली पाणी आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला बर्फ टाकून ते बादलचा पाय अलगद आत ठेवतात. मोरकीची दोरी तुमच्या हातात देतात. "बीस मिनिट. हिलना नहीं."

ते तुम्हाला म्हणाले की घोड्याला, कोण जाणे.

वीस मिनिटं काहीही न करता उभं राहायची सवय तुम्हाला राहिलेली नाही. फोन काढावा तर दोरी सोडावी लागेल. मग नाकात येतो तेवढा वास घ्यायचा. ओलं गवत, लीद, घामेजलेलं कातडं. मोठ्या रस्त्यावरचे हॉर्न आधी दूर गेल्यासारखे वाटतात, मग खरंच दूर जातात. टँकर जातात. दोड्डकन्नेल्लीच्या कंपन्यांच्या काचा जातात. कारमेलारमच्या फाटकाची घंटा एकदा वाजून गप्प होते. रस्ता आक्रसून दोन चाकोऱ्यांचा होतो. दोरी मात्र तुमच्या हातात तशीच आहे. तिचं सूत आता तागाचं झालंय, एवढाच फरक.

१९१४ मध्ये फार वेळ थांबू नका. तिथे फक्त औषधाचा वास ओढून नेतो म्हणून डोकवा. बेंगळुरूची छावणी. म्हैसूर लान्सर्सची पथकं इजिप्तला निघायच्या तयारीत आहेत. याच घोड्यांतले काही २३ सप्टेंबर १९१८ ला हैफात तोफांवर धावून जातील, पण ते अजून त्यांना ठाऊक नाही. म्हैसूरच्या या घोडदळाच्या आधीच्या पिढीला 'सिलेदार' म्हणत. म्हणजे आपल्याकडचा शिलेदारच. घोड्यांच्या दवाखान्यात एक कुम्मैत घोडा उभा आहे आणि त्याच्या गळ्यात लाकडी पट्ट्यांचा पिंजरा अडकवलाय. तो कशासाठी, ते पायाकडे बघितल्यावर कळतं. पायावर लाल मलम थापलंय. पाऱ्याचं. त्यानं कातडी भाजते, फोड येतात, पाणी सुटतं. घोड्यानं तो पाय चावू नये म्हणून गळ्यात पिंजरा. जुन्या सुजेवर नवी सूज आणायची म्हणजे शरीर जागं होतं, असा त्यामागचा विचार. साहेबाच्या पुस्तकातला. घोडा घामानं निथळतोय. चला पुढे, किंवा मागे म्हणा.

जुलै १७९१. पाऊस भुरभुरतोय. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, त्यामुळे आषाढात इथे पुण्यापेक्षा गार. मार्चमध्ये कॉर्नवॉलिसनं बेंगळुरूचा किल्ला टिपूकडून घेतला आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत जाऊन आला. तिथून परत फिरावं लागलं. बैल मेले, घोडे उपाशी खंगले, जड तोफा ओढायला जनावर उरलं नाही म्हणून त्याच्या लोकांनी त्या स्वतःच निकामी केल्या. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. मराठ्यांच्या छावणीबरोबर अख्खा बाजार चालायचा. भुकेल्या इंग्रजांना त्या बाजारात धान्य मिळालं, अर्थात आपल्या वाण्यांनी लावलेल्या भावानं. आता कंपनीच्या फौजा होसूरच्या अंगाला सरकल्यात. फडक्यांचे लोक आजूबाजूला पांगलेत, आणि तुम्ही त्यातल्याच एका पागेच्या कडेला, नाचणीच्या नांगरटीत, घोट्याएवढ्या चिखलात उभे आहात.

घोड्यांची रांग लांब. प्रत्येकाला अगाडी-पिछाडी, मेखा चिखलात सैल पडलेल्या. मोतद्दार मोगरी घेऊन त्या ठोकत फिरतायत. तोबरे चढलेले. चण्याची चंदी चावण्याचा एकसुरी आवाज सगळ्या माळावर. तुमच्या हातातली दोरी एका बुटक्या, रुंद छातीच्या घोडीची आहे. पुढचा उजवा पाय तिनं नुसता टेकवलाय, अंगाचा भार डावीकडे.

"तुमी कुनाकडचं?" घोडीचा धनी विचारतो. भीमथडीचा माणूस, मिशांतून पाणी गळतंय.

"पुण्याकडून."

"म्हंजे कारकून," तो स्वतःशीच ठरवून टाकतो आणि तुमच्यातला त्याचा रस संपतो. "धरा तशीच. चाचा येत्यात."

हा शिलेदार आहे, बारगीर नव्हे. फरक मोठा. बारगिराला घोडा सरकारचा मिळतो. पाय मोडला तर तो दुसऱ्या घोड्यावर बसेल. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो आणि पगार घोड्याला धरून मिळतो. घोडी गेली की भांडवल गेलं, मानही गेला. मराठी घोडदळ समोरासमोर तोफेवर धावून जात नाही म्हणून इंग्रजांनी नाकं मुरडली. त्यांनी एकदा त्या नळीवर हात ठेवून बघायला हवा होता. तिथे एका कुटुंबाची जमीन, लग्नं आणि पुढच्या वर्षाचं बियाणं गुंतलेलं असे.

चाचा येतात. साळोत्री. शालिहोत्र नावाच्या ऋषीनं घोड्यांचं वैद्यक सांगितलं असं मानतात. त्या नावाची झिजून झालेली ही जात म्हणा, धंदा म्हणा. यांची दाढी मेंदीनं लाल, बोली अर्धी दखनी, अर्धी मराठी. ते पायाकडे बघतच नाहीत. आधी तोबऱ्यात हात घालून बघतात: निम्मी चंदी शिल्लक. मग लीद बघतात. मग दहा पावलं लांब जाऊन घोडी कशी उभी आहे ते न्याहाळतात. तुम्ही अस्वस्थ होता, कारण सूज तर समोर दिसतेय.

शेवटी उकिडवे बसतात आणि हाताची पालथी बाजू नळीवरून खाली नेतात. डोळे मिटलेले. तळहातापेक्षा पालथ्या हाताला ऊब लवकर कळते, आई लेकराचा ताप तशीच बघते. मग अंगठा. नळीच्या मागच्या नसेवरून, गुडघ्यापासून घोट्याकडे, विणकर धागा तपासतो तसा. एका जागी घोडीची कातडी थरथरते. अंगठा थांबतो, मागे येतो, पुन्हा त्याच जागी थरथर.

"यहीं," चाचा म्हणतात. "नस ताणलीय. तुटली नाही. तुटली असती तर घोटा खाली बसला असता."

थोडं थांबून हे नीट समजून घ्या. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नावाची गोष्टच नाही. हाड, त्यामागून जाणाऱ्या दोरखंडासारख्या नसा, म्हणजे कंडरा, आणि वर कातडी. चारशे-पाचशे किलोंचं धूड या चार काठ्यांवर धावतं. मार लागला की तिथे पाझरलेलं पाणी वर चढवायला स्नायूंचा दाब नाही. घोडा चालतो, खूर जमिनीवर दाबला जातो, तेव्हा कुठे रक्त वर ढकललं जातं. म्हणून नुसतं उभं राहूनही घोड्याचे पाय भरतात, बहुधा मागचे दोन्ही, गार, न दुखणारे. चार पावलं चालवलं की उतरतात. एकच पाय, गरम, दुखरा असेल तर मार. सगळा पाय खुब्यापर्यंत खांबासारखा आणि अंगात ताप, तर वेगळंच प्रकरण, आत विष भिनलेलं. हड्डा, मोतरा, बेरहड्डी, चकावळ अशी घोडेवाल्यांच्या तोंडी नावं होती, प्रत्येक जागेच्या फुगवट्याला निराळं. ज्यांच्याकडे सुजेला एकच शब्द आहे त्यांनी औषध सांगू नये, असं माझं मत.

चाचा कमरेची सुतळी काढतात, सुजेभोवती गुंडाळतात आणि जिथे टोक भेटतं तिथे गाठ मारतात. तीच सुतळी डाव्या पायाभोवती. गाठ दोन बोटं पुढे जाते. काही न बोलता ती सुतळी ते मेखेला अडकवून ठेवतात.

"कधी झालं?"

"काल, दिस कलताना. नांगरटीत खड्डा लागला."

"कातडी फुटली?"

"न्हाय."

तरीही चाचा केस उलटे फिरवून बघतात. फुटक्या कातडीवर माती लावली की घोडा लाकूड होतो, ते पुटपुटतात. धनुर्वात. मातीत आणि लिदीत त्याचे जंतू असतात आणि घोड्याइतकं त्याला सहज बळी पडणारं जनावर क्वचितच. जंतू दिसायला अजून शंभर वर्षं आहेत, पण चाचांनी लाकूड झालेले घोडे बघितलेत.

"पाण्यात घाल."

तुम्ही घोडीला उताराकडे नेता. जवळच तळं आहे, त्याला येऊन मिळणारा ओढा पावसानं वाहता झालेला. गुडघ्यापर्यंत पाण्यात तिला उभी करायची. वाहतं पाणी पायाला गारही करतं आणि चहूबाजूंनी दाबतही. घोडी आधी नाक फुरफुरते, मग मान खाली टाकते. पाच मिनिटांत तिचा खालचा ओठ सैल पडतो. तिचा धनी पाण्यातच तिच्या पायाशी बसून हातानं वरून पाणी ओततोय. हे तळं बेळंदूरचं असं समजा. २०१७ मध्ये याच तळ्याला आग लागली होती आणि त्याचा फेस वाऱ्यानं रस्त्यावर उडत होता. आज त्यात कुणी घोडा घालणार नाही, चांगला पायही घालणार नाही.

परत आल्यावर लेप. तुम्हाला वाटलं होतं काही गूढ मुळ्या निघतील. निघते वारुळाची माती. वाळवीनं चाळून ठेवलेली, खडा नसलेली, मऊसूत. दगडी परातीत आंबट ताक, मूठभर मीठ, कुटलेली तुरटी, आणि शेवटी चिमूटभर हळद.

"हळद कशाला?" शिलेदाराच्या आधी तुम्हीच विचारता.

चाचा पहिल्यांदा हसतात. "माती घोडीसाठी. हळद मालकासाठी."

गार माती ओली असेपर्यंत ऊब ओढते. सुकून भेगाळली की तिचं काम संपलं, मग ती उलट आवळते. म्हणून ती सुकायच्या आत धुऊन काढायची आणि नवी लावायची, रात्रभर. आजच्या तबेल्यात डब्यातून येणारा पांढऱ्या चिकणमातीचा लेप हेच काम करतो. डबा मात्र महाग असतो आणि त्यात पुदिन्याचा वास घातलेला असतो. तो बहुधा मालकासाठी.

हे सगळ्यांचंच औषध होतं असं समजू नका. पुढच्या पागेत जा, तिथे रक्त्याबोळ लावतील. त्यापुढे चुना आणि गूळ. कुणी एरंडाची पानं शेकून बांधेल, कुणी निर्गुडीच्या पाल्याची वाफ देईल. वैद्यांच्या घरी माणसांच्या सुजेवर पुनर्नवा, देवदार, सुंठ, मोहरी आणि शेवग्याची साल यांचा लेप असे, तोही घोड्यांपर्यंत पोचलेला असणार. पण चाचांच्या हिशेबात यातलं काय चांगलं हा प्रश्न दुय्यम. कधी, हा पहिला. "आज गार. उद्या गार. परवा हात लावून बघायचं. ऊब गेली असेल तर निर्गुडी, तिळाचं तेल, शेक. आज शेकलंस तर आतलं पाझरणं वाढेल." आज घोड्यांचे डॉक्टर पहिले दोन-तीन दिवस गार, मग ऊब असं सांगतात, त्यात आणि यात फरक शोधावा लागेल.

मग पट्टी. "कापूस आण. आणि जाडंभरडं कापड." सर्जापूर विणकरांचं गाव, बारीक सुती कापडासाठी ओळखलेलं. कुणीतरी तिथली मऊ पांढरी मलमल पुढे करतं. चाचा ती परत देतात. बारीक कापड दोरीसारखं गोळा होऊन रुततं. जाड हवं. आधी कापसाचा थर, मग पट्टी घोट्यापासून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, ओढ सगळीकडे सारखी. एकच वेढा घट्ट बसला तर नसेला तिथे खाच पडते आणि मूळच्या दुखण्यापेक्षा ती वाईट. शेवटी ते पट्टीत बोट सरकवून बघतात. मग उठतात, पलीकडे जातात आणि डाव्या पायाला, चांगल्या पायाला, तशीच पट्टी बांधायला लागतात.

"चाचा, त्यो बरा हाय की!"

"म्हणून तर. आता सगळा भार तोच उचलतो. तीन दिवसांनी तो सुजेल, मग मला बोलवशील."

आता खरी गोष्ट निघते. शिलेदार घसा साफ करतो. "उद्या कूच हाय. एक गोळी दिली तर..."

गोळी अफूची. घोड्यांना मसाल्यात, तुपात, गुळात अफू देऊन लांबच्या मजला मारून घेणं या काळात कुणाला नवीन नाही. चाचांच्या पोतडीतही ती आहे, तुम्ही मघाशीच बघितली, मेणकापडात गुंडाळलेली. ते पोतडी उघडत नाहीत.

"दुखतंय म्हणून ती पाय जपतेय. दुखणं विसरली तर तुझ्या म्हणण्याप्रमाणे पळेल. संध्याकाळपर्यंत पळेल. मग नस तुटेल."

शिलेदार काही बोलत नाही. पावसाचे थेंब त्याच्या भाल्याच्या पात्यावर ऐकू येतात.

इथेच मी हे थांबवलं असतं तर चाचांची एक सुरेख तसबीर झाली असती. पण तुम्ही अजून तिथेच आहात आणि चार घोड्यांपलीकडून जळक्या केसांचा वास येतो. चाचा तिकडे गेलेत. एका जुन्या लंगड्या घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालून तिघांनी दाबून धरलंय आणि चाचा लाल झालेल्या सळईनं त्याच्या पायावर डाग देतायत. एक, दोन, तीन समांतर रेषा. घोड्याचा आवाज तुम्ही विसरू शकणार नाही. हाच हात, तासाभरापूर्वी डोळे मिटून फिरणारा. त्यांची यात काही गफलत होतेय असं त्यांना वाटत नाही. त्यांच्या गुरूनं डाग दिले, पुस्तकात डाग आहेत, आणि डाग दिलेले घोडे सहा महिन्यांनी चालायला लागलेले त्यांनी स्वतः पाहिलेत. सहा महिने! डाग दिलेल्या घोड्यावर कुणी बसत नसे. बरं त्या विश्रांतीनं केलं आणि श्रेय सळईनं घेतलं. पाश्चात्त्य घोडेवैद्यही हे विसाव्या शतकापर्यंत करत राहिले. १९८३ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी नसांच्या दुखापतींचा अभ्यास छापला, तेव्हा डाग देण्यानं नस सुधारत नाही हे स्पष्ट झालं. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांना मी हा वास आठवायला सांगेन. आणि जुनं ते सगळं थोतांड म्हणणाऱ्यांना ती पट्टी.

पहाटे नौबत झडते. तंबू उतरतात. शिलेदारानं घोडीवर खोगीर चढवलेलं नाही. ते त्यानं स्वतःच्या पाठीवर घेतलंय. मोरकी हातात धरून तो बिनलढाऊ बुणग्यांच्या मागून, बाजारच्या बैलांबरोबर पायी निघतो. घोडदळाच्या माणसानं बुणग्यांत पायी चालणं म्हणजे काय ते त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून कळतं. दर काही वेळानं तो थांबतो, वाकतो, पट्टीवर हात ठेवून बघतो.

अजून मागे जायचं तर वाट अवघड नाही, पण तिथे तुमच्या हातात दोरी देणारं कुणी नाही. १६३८ मध्ये आदिलशाहीच्या फौजेबरोबर शहाजीराजे इथे आले आणि बेंगळुरू त्यांची जहागीर झाली. या माळांवरून त्यांच्या पागा दौडल्या. २३ जानेवारी १६६४ ला होदिगेऱ्याच्या रानात शिकारीच्या मागे असताना त्यांच्या घोड्याचा पाय वेलीत अडकला. राजे गेले. समाधी आजही तिथे आहे. त्या घोड्याच्या पायाची विचारपूस इतिहासानं केली नाही. पुढे धाकटे चिरंजीव व्यंकोजी तंजावरला गेले, आणि १६८७ मध्ये बेंगळुरू तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेलं. तंजावरच्या भोसल्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र रंगीत चित्रांसह जपलं गेलं. १९५२ मध्ये ते छापूनही निघालं. चित्रं देखणी आहेत. पण पट्टीची ओढ किती ठेवायची हे चित्रातून कळत नाही, ते हातातून हातात जातं. आणि ज्यांच्या हातात ते होतं त्यातल्या अनेकांना लिहिता येत नसे.

"बीस हो गया, साब."

टबातला बर्फ विरघळलाय. तुमची बोटं दोरीवर आखडलीत. मोठ्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्नवर हात दाबून धरलाय. अण्णा पाय बाहेर काढतात, पुसतात, कापसाचा रोल घेतात. डावा पाय बांधून होतो आणि ते उजव्याकडे वळतात.

"बाबा, तो तर बरा आहे," लेक म्हणते.

तुम्ही सांगता. ती ऐकते आणि पटल्यासारखी मान हलवते. तुम्हाला हे कुठून माहीत, असं विचारत नाही.

डॉक्टर पावणेदहाला येतात, बेळंदूरच्या सिग्नलला शिव्या देत. पाय उचलतात, वाकवतात, चालवून बघतात, पोर्टेबल मशीन लावून नसेचं चित्र पडद्यावर आणतात. हाड शाबूत, नस शाबूत, मुका मार. धनुर्वाताची लस कधी दिली ते वहीत तपासतात. दुखणं कमी करायची पेस्ट देतात, चार दिवसांची मोजून. ही जास्त दिली तर घोड्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना भोवते. "आणि हे घेतल्यावर तो उड्या मारेल," ते लेकीला सांगतात, "बरा झाला असं समजायचं नाही. तीन आठवडे पाठीवर कुणी नाही. परवापासून हातानं धरून चालवायचं, दहा-दहा मिनिटं." अण्णांचा मातीचा डबा त्यांना कोपऱ्यात दिसतो. उघडून वास घेतात, झाकण लावतात. "लावा. सुकायच्या आत काढा."

मग तुमच्याकडे वळून, कारण फोन तुम्ही केला होता, सांगतात: पायावर भार टाकत नसेल, अंगात ताप असेल, जखम सांध्याजवळ असेल किंवा सूज वर चढत असेल, तर माती कालवत बसायचं नाही, तेव्हाच बोलवायचं. आज बोलवलंत तसं.

निघायच्या आधी लेक पट्टी पुन्हा सोडायला लावते. केसांची निळी रिबीन काढून बादलच्या पायाला गुंडाळते आणि टोक भेटतं तिथे गाठ मारते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही, निदान तुम्ही तरी नाही. रिबीन खिळ्याला अडकवून तुम्ही घरी जाता.

रविवारी सकाळी तीच रिबीन त्याच पायाला लावली, तेव्हा गाठ अर्धं बोट पुढे गेली.